विश्लेषण : ‘लेटेक्स’ गादीत लेटेक्स नेमके किती? खरेदीआधी वजन का विचारावे?

डबल बेडच्या मापाच्या दोन गाद्या. दोन्हींच्या नावात ‘नॅचरल लेटेक्स’, दोन्हींच्या फोटोत तोच पांढरा, भोकाभोकांचा थर आणि शेजारी हिरवे पान. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. अशा वेळी ग्राहक एक तर स्वस्तातली उचलतो किंवा ‘महाग म्हणजे चांगलीच असणार’ म्हणून दुसरी घेतो. दोन्हींत फसण्याची शक्यता सारखीच असते, कारण किमतीतला फरक ज्या गोष्टींमुळे पडतो त्या खोळीच्या आत असतात. थर किती इंचांचा, लेटेक्स किती घनतेचे, त्यात भेसळ काय, हे सगळे तिथे दडलेले असते. बरीचशी माहिती मात्र मोजपट्टी, वजनकाटा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर यांच्या आधारे, खोळ न उघडताही काढता येते.

लेटेक्स म्हणजे काय?

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. सालीला तिरकी चीर दिली की तो दुधासारखा ठिबकतो. ताज्या चिकात कोरडे रबर साधारण ३० ते ४० टक्के असते, बाकी बहुतांश पाणी. तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि यंत्रात वेगाने फिरवून ६० टक्क्यांपर्यंत दाट करतात. देशातल्या नैसर्गिक रबराचा मोठा वाटा केरळचा. रबर बोर्डाचे मुख्यालयही कोट्टायमलाच आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातही रबराच्या बागा आहेत.

हा दाट चीक फेटून त्यात हवा भरायची, गंधक व इतर रसायने मिसळायची, साच्यात ओतून वाफेवर शिजवायचा, की त्याचा फोम होतो. इडलीच्या जवळ जाणारीच ही कृती. १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत ती सापडली, म्हणून तिला आजही ‘डनलॉप पद्धत’ म्हणतात. फोटोत दिसणारी भोके ही साच्यातल्या धातूच्या खिळ्यांची खूण. उष्णता मधोमध पोहोचावी म्हणून ते खिळे असतात. गादीत हवा खेळती राहणे हा त्याचा नंतरचा फायदा.

दुसरी पद्धत ‘टॅलले’. यात साचा अर्धाच भरतात, निर्वात करून फेस फुगवतात, मग गोठवतात आणि नंतर तापवतात. त्यामुळे फोम वरपासून खालपर्यंत एकसारखा होतो, पण खर्च वाढतो. डनलॉपमध्ये जड कण तळाशी बसत असल्याने खालची बाजू किंचित कडक होते. भारतात मिळणाऱ्या बहुतेक लेटेक्स गाद्या डनलॉप पद्धतीच्याच असतात. या दोन पद्धतींच्या वादात ग्राहकाने फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पैसे बुडतात ते दुसऱ्याच ठिकाणी.

नाव एक, माल तीन प्रकारचा

बाजारात ‘लेटेक्स गादी’ या नावाखाली ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला, वरपासून खालपर्यंत सगळी लेटेक्सची. दुसरा, वर एक-दोन इंच लेटेक्स आणि खाली पीयू फोम, काथ्या किंवा स्प्रिंग. तिसरा, लेटेक्स सगळीकडे, पण त्यात झाडाच्या चिकासोबत एसबीआर हे पेट्रोलियमपासून बनणारे कृत्रिम रबर मिसळलेले.

तिन्ही प्रकार विकणे कायदेशीर आहे आणि तिन्हींना गिऱ्हाईकही आहे. घोळ होतो तो जाहिरातीच्या भाषेत. ‘१०० टक्के नॅचरल लेटेक्सयुक्त’ या शब्दांचा अर्थ एवढाच होऊ शकतो, की जे काही एक इंच लेटेक्स आहे ते शंभर टक्के नैसर्गिक आहे. उरलेले सात इंच काय आहेत, याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही. ‘लेटेक्स फील’, ‘लेटेक्स प्लस’, ‘बायो लेटेक्स’ असे शब्द दिसले तर सरळ विचारावे : लेटेक्स किती इंच आणि त्याखाली काय?

ऑनलाइन खरेदीत हे उत्तर उत्पादनाच्या पानावर बहुधा असते, पण खाली, ‘स्पेसिफिकेशन्स’ उघडल्यावर. तिथे थरांचा तक्ता नसेल तर ते पान बंद करून पुढच्या गादीकडे वळावे.

वजनाचे गणित

सांगितलेली माहिती खरी आहे का, हे तपासण्याचा सोपा मार्ग शाळेतल्या भौतिकशास्त्रातून येतो. घनता म्हणजे एक घनमीटर मालाचे वजन. गादीच्या दुकानात ‘८० डेन्सिटी’ म्हणतात त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ८० किलो. नैसर्गिक लेटेक्सच्या गाद्यांत हा आकडा साधारण ६५ ते ९५ च्या दरम्यान असतो. गाद्यांमधला साधा पीयू फोम बहुतेक २८ ते ४० च्या घरात येतो. म्हणजे लेटेक्स त्याच्या दुपटीहून जड. हा फरक कुणालाही लपवता येत नाही.

आता ७८ बाय ७२ बाय ६ इंचांची गादी घेऊ. एक इंच म्हणजे ०.०२५४ मीटर. लांबी १.९८ मीटर, रुंदी १.८३ मीटर, जाडी ०.१५२ मीटर. तिन्हींचा गुणाकार सुमारे ०.५५ घनमीटर. ८० घनतेचे लेटेक्स असेल तर वजन ४४ किलोच्या आसपास भरले पाहिजे, खोळीचे दोन-तीन किलो वेगळे. घनता ६५ धरली तरी ३६ किलो होतात. सिंगल बेडच्या ७२ बाय ३६ बाय ६ इंचांच्या गादीचे याच हिशेबाने, ८० घनतेला, सुमारे २० किलो.

आता एखाद्या डबल बेडच्या सहा इंची ‘संपूर्ण लेटेक्स’ गादीच्या खोक्यावर २५ किलो लिहिलेले असेल, तर आत संपूर्ण लेटेक्स नाही. भोकांमुळे, मापातल्या फरकामुळे आठ-दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते, निम्मे नाही. ऑनलाइन पानावर ‘आयटम वेट’ म्हणून हा आकडा बऱ्याचदा दिलेला असतो. जिथे नसेल तिथे चॅटवर विचारून लेखी उत्तर घ्यावे. दुकानात गादीचा एक कोपरा उचलून पाहिला तरी अंदाज येतो. खरी लेटेक्सची गादी एकट्याने सहज उचलत नाही. ती वाकते, लोंबते आणि हातातून निसटते.

हाच हिशेब थरांच्या गादीलाही लावता येतो. आठ इंचांत दोन इंच लेटेक्स (८० घनता) आणि सहा इंच पीयू फोम (३२ घनता) असेल तर वजन साधारण १५ अधिक १८, म्हणजे ३३ किलो. तीच आठ इंची गादी पूर्ण लेटेक्सची असती तर ५९ किलो भरली असती. त्यामुळे ‘आठ इंच आहे, सहा इंचांपेक्षा चांगली’ हा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि वजन विचारावे.

किंमत किलोवर काढा

सोन्याच्या दागिन्याची किंमत आपण ग्रॅमवर काढतो. लेटेक्सच्या गादीचीही तुलना किलोवर करून पाहायला हरकत नाही. उदाहरणादाखल दोन गाद्या घेऊ. पहिली, वर सांगितलेली आठ इंची, दोन इंच लेटेक्सची, किंमत ३२ हजार. दुसरी सहा इंची, पूर्ण लेटेक्सची, किंमत ४२ हजार. पहिलीतल्या पीयू फोम आणि शिलाईचे आठ हजार बाजूला काढले, तरी १५ किलो लेटेक्ससाठी २४ हजार, म्हणजे किलोला १,६०० रुपये मोजले. दुसरीत ४४ किलोंसाठी ४२ हजार, खोळ-शिलाई धरूनही किलोला साधारण ९५० रुपये. दिसायला स्वस्त असलेली गादी या मापाने महाग निघते. प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही, पण हिशेब करायला दोन मिनिटे लागतात.

किमतीला खालची मर्यादाही असते. ऑगस्ट २०२४ मध्ये नैसर्गिक रबराचा देशांतर्गत भाव किलोला २४० रुपयांच्या वर गेला होता, नंतर तो उतरला. अगदी १८० रुपये धरले तरी ४४ किलोंच्या गादीत नुसते रबर साडेसात-आठ हजारांचे होते. त्यावर चीक दाट करणे, रसायने, साचे, वाफ, धुणे-वाळवणे, खोळ, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि जीएसटी. त्यामुळे ‘किंग साइज, सहा इंच, शंभर टक्के नैसर्गिक, फक्त १२ हजार’ अशी जाहिरात आली, तर सूट किती हे पाहण्याआधी हे गणित आठवावे. भाव विचारताना तो जीएसटीसह आहे का आणि घरपोच व वरच्या मजल्यावर चढवण्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही लगेच विचारून घ्यावे. ४४ किलोंची गादी लिफ्टमध्ये मावली नाही तर हमालीचा प्रश्न खरा असतो.

वजन बरोबर भरले, म्हणजे माल अस्सल?

नाही, इथे गणित एकाच बाजूने चालते. वजन कमी असेल तर खोट पकडता येते, वजन जुळले म्हणून शुद्धता सिद्ध होत नाही. कारण चिकात खडूची भुकटी किंवा चिकणमाती मिसळून वजन वाढवता येते. याला उद्योगात ‘फिलर’ म्हणतात. ते जास्त झाले की फोम लवकर ठिसूळ होतो, अंगठ्याने घासल्यावर भुकटी सुटते, दाबल्यावर चपळाईने वर येत नाही. म्हणून चेन असलेली खोळ घ्यावी, दुकानात ती उघडून बघू द्यावी असा आग्रह धरावा. चेन नाही, सगळे शिवून बंद, असे असेल तर विक्रेत्याला न दाखवण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न पडलाच पाहिजे.

कृत्रिम एसबीआर हे काही विष नाही. ते स्वस्त असते, त्याची लवचिकता नैसर्गिक रबरापेक्षा कमी असते. मिश्रण आहे असे सांगून, त्या भावात विकले तर तक्रारीचे कारण नाही. डोळ्यांनी किंवा वासाने मात्र ते खात्रीने ओळखता येत नाही. तुकडा जाळून ‘बघा, धूर कसा येतो’ असे दाखवणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नये. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. नमुना जाळून उरलेल्या राखेवरून फिलर किती ते कळते आणि इन्फ्रारेड चाचणीत नैसर्गिक-कृत्रिम रबराची ओळख पटते. मोठ्या विक्रेत्याकडे असा अहवाल असायला हवा. मागितल्यावर तो काय करतो, यावरून बरेच कळते.

प्रमाणपत्रांचे शिक्केही नीट वाचायला हवेत. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ हा शिक्का हानिकारक रसायनांची चाचणी झाल्याचे सांगतो. लेटेक्स नैसर्गिक आहे असे तो म्हणत नाही. पीयू फोमलाही तो मिळू शकतो. ‘जीओएलएस’ हे सेंद्रिय लेटेक्सचे मानक आहे, त्यात प्रमाणित सेंद्रिय कच्चा माल ९५ टक्क्यांहून अधिक लागतो. पण ते प्रमाणपत्र लेटेक्सच्या कारखान्याला आहे की तुमच्या हातातल्या गादीला, हे बघावे. क्रमांक, कंपनीचे नाव आणि मुदत संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

शिक्काच बनावट असण्याचे प्रकारही घडले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये तीन गादीविक्रेत्यांवर दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कारवाई केली. त्यातल्या एका कंपनीच्या गाद्यांवर सेंद्रिय गादी उद्योगाच्या एका ‘राष्ट्रीय संघटने’चा शिक्का होता. ती संघटना म्हणजे त्या कंपनीचेच दुसरे नाव असल्याचा आयोगाचा आरोप होता. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे आणली. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द मोघमपणे वापरता येत नाहीत, दाव्यामागे पुरावा द्यावा लागतो, असे ती सांगतात. विक्रेत्याशी बोलताना हे माहीत असलेले बरे.

पाठ दुखते, मग कडकच घ्यायची?

‘पाठ दुखते तर फळीवर झोप’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. स्पेनमधल्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. कंबरदुखी जुनी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला. तो लेटेक्सबद्दल नव्हता, कडकपणाबद्दल होता. पण ‘ऑर्थो’ लिहिलेल्या दगडासारख्या गादीला जास्त पैसे देण्याआधी तो लक्षात ठेवावा. दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर गादीच्या आधी डॉक्टर.

आणखी एक गल्लत नेहमी होते. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. कडकपणा मोजायला ‘आयएलडी’ हा आकडा असतो. फोमच्या नमुन्यावर ५० चौरस इंचांची चकती ठेवून त्याची जाडी पाव हिश्शाने दबेपर्यंत किती पौंड बल लागते, तो हा आकडा. वीसच्या आत मऊ, वीस ते तीस मध्यम, त्यापुढे कडक, असा ढोबळ अंदाज. तो पानावर दिलेला असेल तर विक्रेता आपल्या मालाला ओळखतो असे समजायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी तो नसतो. मग दुकानात जाऊन, चप्पल काढून, नेहमी झोपता त्या कुशीवर १०-१५ मिनिटे पडून पाहण्याला पर्याय नाही. लाजू नये, पैसे आपले आहेत. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल, तर ३६ इंची दोन वेगवेगळ्या कडकपणाच्या गाद्या एका खोळीत घालून घेता येतात. चढवायलाही त्या सोप्या जातात.

घरात धडधाकट रबराइज्ड काथ्याची गादी असेल आणि ती फक्त फार कडक वाटत असेल, तर नवी गादी घेऊच नये. दोन इंचांचा लेटेक्स टॉपर वर टाकला की काम भागते आणि खर्च सहा इंची गादीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसतो. विक्रेते हे आपणहून सहसा सांगत नाहीत.

दमट हवा, बॉक्स बेड आणि ऊन

मुंबई-कोकणच्या घामट रात्रींत लेटेक्स मेमरी फोमपेक्षा सुसह्य वाटते. मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन शरीराभोवती चिकटून बसतो, लेटेक्स तसे करत नाही आणि भोकांतून हवा फिरते. पण ती हवा खालून यायला वाट हवी. आपल्याकडचा सामानाचा बॉक्स बेड म्हणजे वर सलग प्लायवूड. पावसाळ्यात गादीच्या पोटाला ओल धरते, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि वॉरंटीत ते बसत नाहीत. प्लायला सुताराकडून भोके पाडून घ्यावीत, निदान अधूनमधून गादी एका बाजूने उचलून टेकवून ठेवावी. फळ्यांचा पलंग असेल तर दोन फळ्यांत तीन इंचांहून जास्त फट नको, नाहीतर लेटेक्स त्यात रुतते.

कापसाच्या गादीला वर्षातून एकदा गच्चीवर ऊन दाखवायचे, ही आपली जुनी सवय. लेटेक्सला ती लावू नये. खिडकीत पडलेला रबरबँड काही महिन्यांत तडकतो, तेच उन्हात गादीचे होते. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन रबराची साखळी तोडतात, वरचा थर पिवळा पडून खरखरीत होतो, पुढे चुरा सुटतो. घरातल्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवलेले बरे. लेटेक्स धुवायचेही नाही, खोळ तेवढी धुवायची. घरात कुणाला रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अ‍ॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गादी घेऊ नये.

वॉरंटी आणि बिलावर काय लिहून घ्यावे?

दहा वर्षांच्या वॉरंटीचा आकडा मोठा दिसतो, पण अटी वाचाव्यात. गादीला पडलेला खड्डा एक ते दीड इंचापेक्षा खोल असला तरच तो दोष मानायचा, अशी अट सर्रास असते. तोही गादीवर कुणी नसताना मोजायचा. चहाचा डाग पडला तर वॉरंटी रद्द, पहिल्या काही वर्षांनंतर बदली मालाच्या किमतीचा काही भाग ग्राहकाने भरायचा, हेही बारीक अक्षरात असते. म्हणून पहिल्या दिवसापासून वॉटरप्रूफ आवरण घालावे. ‘१०० रात्री वापरून परत करा’ ही सोय नेहमीच्या मापांना असते. पलंगाच्या मापाने खास कापून घेतलेल्या गादीला बहुतेक वेळा नसते. पलंगाचे माप आतून घ्यावे, कठड्याच्या बाहेरून नाही.

बिलावर नुसते ‘लेटेक्स मॅट्रेस’ असे चालणार नाही. लेटेक्स किती इंच, घनता किती, नैसर्गिक की मिश्र आणि एकूण वजन, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. दुकानदार कुरकुर करेल, पण तक्रारीची वेळ आली तर ग्राहक आयोगापुढे हाच कागद उपयोगी पडतो. गादी घरी आल्यावर खोके फेकण्याआधी त्यावरच्या लेबलचा फोटो काढावा. मग एका माणसाने वजनकाट्यावर आधी एकटे आणि नंतर गुंडाळलेली गादी धरून उभे राहावे, जड असेल तर दोघांनी दोन काटे दोन टोकांना लावून आकड्यांची बेरीज करावी. आकडा फार कमी भरला तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवावे आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा.